दोन घरांची एक भिंत

धुरपतामाय,

आमच्या घराला तीनच भिंती होत्या तेव्हापासून तू मला ओळखतेस. भिंती म्हणायचं आपलं. पुढं आणि एका बाजूला पत्रा, मागं तुराट्यांचा कूड आणि तुझ्या घराकडची चौथी बाजू उघडी. त्या बाजूला आईनं जुनं पातळ बांधलं होतं. वारं सुटलं की पातळ चुलीकडं यायचं, म्हणून आई एका हातानं पातळ धरायची आणि दुसऱ्या हातानं भाकरी थापायची. मी तेव्हा तान्ही होते, मला यातलं काही आठवत नाही. पण तू हे इतक्यांदा सांगितलंस की आता ते माझंच आठवल्यासारखं वाटतं. "तुझी माय एका हातानं भाकर थापायची," तू म्हणायचीस, "आन् वरून मलाच इचारायची, भाकर वाकडी कामून झाली म्हून."

आपली वस्ती तेव्हा परभणीच्या बाहेर होती. रिक्षावाला विद्यापीठाच्या फाट्यावरच उतरवायचा, पुढं बाभळी आणि चिखल. आई-बाबा ताडकळसच्या बाजूच्या खेड्यातून आलेले. गावात शेताचा तुकडा नाही. दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला, उन्हाळ्याच्या तोंडाला परत, मग पावसापर्यंत मोंढ्यात पोती उचलायची. परत यावं तेव्हा घर जागेवर असेलच असं नसायचं. एका साली मागचा कूड कुणीतरी सरपणाला नेला होता. आई दारात उभी राहून हसली म्हणे. रडायला तिला वेळ नव्हता, आधी चूल मांडायची होती.

त्याच साली बाबा तुझ्या दारात भिंत मागायला आले.

तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना सांगते. आपल्या ओळीत कुणाचंच घर एकटं उभं नाही. पहिल्या माणसानं चार भिंती घातल्या. दुसऱ्यानं त्यातल्या एका भिंतीला आपलं घर लावलं, म्हणजे त्याला तीनच घालाव्या लागल्या. तिसऱ्यानं दुसऱ्याच्या भिंतीला. अशी ती ओळ लांबत गेली. पण दुसऱ्याच्या भिंतीवर वासे टेकवायचे तर ती मागावी लागायची. मागणारा कागदात गुळाचा खडा घेऊन जायचा आणि दाराबाहेर उभा राहायचा. देणारा खडा तोंडात टाकून म्हणायचा, "टेकव." झालं. ना साक्षीदार, ना लिखापढी. त्यानंतर देणाऱ्यानं ती भिंत माझी म्हणायची नाही, कारण दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. घेणाऱ्यानंही माझी म्हणायची नाही, कारण तो टेकलेला. दोन्हीकडून कुणी विचारलं तरी उत्तर एकच: "त्यांची हाय."

किसनबाबांनी, तुझ्या मालकानं, गूळ तोंडात टाकला आणि बाबांना विचारलं म्हणे, एवढ्यासाठी गूळ कशाला आणलास, लेकराला ठेवायचास की. ते लेकरू मी. आमची चौथी भिंत तुमची झाली ती अशी.

आणि मग त्या भिंतीपलीकडं माझंच घर झालं. पाच-सहा हंगाम आई-बाबांनी मला उसाच्या फडात नेलं. मग शाळेत नाव घातलं, तेव्हा तू आईला अडवलंस. "लेकराला ठिवून जा. ऊस काय पळून चाललाय?" आई म्हणाली, तुझ्यावर भार कशाला. तू म्हणालीस, भार वाटला तर भिंतीपलीकडं फेकीन, तुझंच घर हाय तिकडं. पुढची सगळी वर्षं दसरा ते उन्हाळा मी तुझ्याकडं राहिले. तुझी वंदना लग्न होऊन वालूरला गेली होती, तिची गोधडी मला मिळाली. तू पहाटे मोंढ्यातून मेथी-शेपू आणायचीस, गाडा घेऊन निघायचीस, आणि जाताना मला वरणभात झाकून ठेवायचीस. वरणात मिरची इतकी की माझ्या डोळ्यांना धार लागायची. तिखट खाल्लं की अभ्यास ध्यानात राहतो, हे तुझं म्हणणं. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा तू गल्लीभर मिरचीचंच कौतुक सांगत फिरलीस, माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.

आपल्या ओळीतून कॉलेजात जाणारी मी पहिली. आधी डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगची डिग्री. हे मी मान खाली घालून लिहिणार नाही. माझ्या आई-बापानं कोयता धरला, धुरपतामायनं गाडा ओढला, आणि मी घरांचे नकाशे काढते. संघमित्रा हे नाव तुला लांब पडायचं, म्हणून मी तुझी संगी. पण लोकांना माझी ओळख करून देताना तू तेही नाव घ्यायची नाहीस. "ही आमची इंजिनेर," एवढंच. भाजी घेणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, एकदा तर दवाखान्यात सुई टोचणाऱ्या नर्सला.

मग शहर आपल्यापर्यंत चालत आलं. आपण कुठं गेलो नाही, आपण होतो तिथंच होतो. आधी रस्ता रुंद झाला. मग दिवे लागले. त्या दिव्यांसाठी आपण किती अर्ज केले होते. आपल्यासाठी लागले नाहीत, पण लागले. समोर मोठी इमारत उठली, तिच्या नावात शेवटी "हाइट्स". हाइट्स म्हणजे काय, तू विचारलंस. उंची, मी सांगितलं. "मंग सरळ उंची म्हनायला काय झालं? का मराठीत म्हनलं की मजला कमी होतोय?"

मग गिरणी गेली, तिथं पिझ्झ्याचं दुकान आलं. चहाच्या टपरीच्या जागी काचेचं कॅफे. क्लासेस, दवाखाने, गाड्यांची शोरूम. जाहिरातीत आपल्या भागाचं नावच बदललं, आपल्या वस्तीचं नाव त्यात कुठं नव्हतं. सगळ्यात आधी गेले ते किरायदार. पलीकडच्या गल्लीतली किती घरं किरायानं राहायची: गवंडी, रंगारी, शाळेतल्या शिपायाचं कुटुंब. घरमालकांना दुप्पट किराया देणारे मिळायला लागले आणि हे लोक एक-एक टेम्पो भरून निघाले. तू प्रत्येक टेम्पोत कोथिंबिरीची जुडी टाकायचीस. ते कुठं गेले, आपल्याला धड माहीतही नाही. पुढं आपण जिंकलो, पण ते त्या जिंकण्यात नाहीत. हे मी विसरून लिहिलं असतं, तर तू कागद परत फेकला असतास.

समोरच्या इमारतीवरून आपल्या दोघींची भांडणं व्हायची, ती आठवतात. मी म्हणायचे, हे लोक आपल्याला उठवायला आलेत. तू म्हणायचीस, ते मेथी घ्यायला आलेत. एका सकाळी गेटवरच्या वॉचमननं तुझा गाडा आत घ्यायला मनाई केली, सोसायटीचा नियम झाला म्हणून. मी चिडले. तू त्याला गाव विचारलंस. ताडकळस, तो म्हणाला. मग तू गाडा आपल्या ओळीच्या तोंडाशी लावलास आणि तिथून बाल्कन्यांकडं बघून आरोळी ठोकलीस. आठवड्याभरात चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायला लागली. वॉचमन स्वतः ती टोपली पकडून तुझ्याकडं आणायचा. "बघ, तुझे दुश्मन," तू मला म्हणायचीस. आणि वरून एक टोला. त्या इमारतीचं काम आमच्या ऑफिसात होतं, तिचा जिना मी काढलेला. "दुश्मनाचा जिना तूच काढलास की गं. चढायला लय सोपा हाय म्हनायल्यात सगळ्या."

दुश्मन तो नव्हता, हे तुझं खरं. पण कुणीतरी होता. आपल्या ओळीमागचं शेत एका बिल्डरनं घेतलं होतं. त्याला मोठ्या रस्त्याकडं तोंड हवं होतं, आणि रस्ता आणि त्याचं शेत यांच्या मध्ये आपण उभे होतो. जागा सरकारी, आपल्याकडं घरपट्टीच्या आणि लाइटबिलाच्या पावत्या, बाकी काही नाही. त्याचा एक माणूस यायला लागला. पांढरा शर्ट, पायातले बूट दाराबाहेर काढायचा, सगळ्यांना मावशी म्हणून पाया पडायचा. पैसे घ्या, कब्जा लिहून द्या, गावाबाहेर प्लॉट बघून देतो. तो गेल्यावर तू म्हणालीस, "पोरगं लय गोड बोलतंय. आपल्या घरातलं एवढं गोड बोलाया लागलं तर मी आधी दवाखान्यात नेईन."

त्याचं गोड बोलणं कडेच्या घरात लागू पडलं. दत्ता. रिक्षा चालवणारा, दोन पोरींचा बाप, डोक्यावर आजारपणाचा खर्च. त्यानं बयाणा घेतला, कब्जा लिहून दिला आणि सासुरवाडीला निघून गेला. मी त्याला दोष दिला. तू दिला नाहीस. तू म्हणालीस, तो गेला नाही, त्याला ढकललाय.

दोन दिवसांत जेसीबी आला. मी ऑफिसला निघाले होते. दत्ताच्या घराच्या पुढच्या भिंतीचा ढिगारा झालाच होता. पुढची पाळी त्या भिंतीची, जिच्यावर पलीकडच्या उमाजीकाकांचे वासे टेकलेले. काका आत खाटेवर बसलेले, कानानं कमी ऐकणारे, चहा पीत. तू गाडा तसाच सोडून जेसीबीसमोर येऊन उभी राहिलीस. आरडाओरडा नाही. त्या पांढऱ्या शर्टवाल्याला म्हणालीस, "घर दत्ताचं होतं. त्यानं इकलं, तुमी घेतलं. पाडा. पर ही भिंत दत्ताची न्हाई. त्यानं ती उमाजीला कवाच दिली हाय. दिलेली चीज इकता येतीया व्हय?"

तो हसला. मावशी, भिंत म्हणजे काय साडीचोळी आहे का, म्हणाला.

मी पुढं झाले आणि पाडण्याची परवानगी विचारली. माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं आणि मला कलम पाठ होतं. त्या दिवशी मला माझ्या डिग्रीचा जितका उपयोग झाला तितका पगाराच्या दिवशीही होत नाही. परवानगी नव्हती. तो फोन लावायला बाजूला गेला. तेवढ्यात तू मशीन चालवणाऱ्याला पाण्याचा तांब्या दिलास आणि गाव विचारलंस. वालूर. "माझी वंदना तिथं दिलीया." तो खाली उतरला, पाणी प्यायला, भिंतीला हात लावून बघितला, आत डोकावला. काका त्याच्याकडं बघून हसले, त्यांना वाटलं कुणी पाहुणा आलाय. तो पांढऱ्या शर्टकडं जाऊन एवढंच बोलला, "साहेब, ही पडली की बाजूचं छप्पर खाली येतंय. आत म्हातारं हाय. मी हात लावत न्हाई." आणि मशीन घेऊन गेला. त्या पोराचं नाव आपण विचारायचं राहिलं, त्याची मला अजून चुटपुट आहे. तुलाही होती.

त्या दिवशी ओळ वाचली, जागा वाचली नाही. जागेसाठी पट्टा हवा, म्हणजे जागा नावावर केल्याचा सरकारी कागद. जुन्या वस्त्यांना पट्टे द्यायचं ठरलं, आपण सगळ्यांनी अर्ज केले, आणि मोजणीवाले आले. मला वाटलं, आता झालंच. मी त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होते. नसते गेले तर बरं झालं असतं, कारण मोजणीवाल्यांनी प्रत्येक घरात एकच साधा प्रश्न विचारला: ही बाजूची भिंत कुणाची?

आणि आपल्या सगळ्या ओळीनं, एका तोंडानं, पिढ्यांच्या सवयीनं सांगितलं: शेजाऱ्याची.

डावीकडं विचारलं तर उजवीकडच्याची, उजवीकडं विचारलं तर डावीकडच्याची. तू बाबांची म्हणालीस. बाबा तुझी म्हणाले. त्या बिचाऱ्यांनी जे ऐकलं ते लिहिलं. नकाशा झाला तेव्हा आपली सगळी घरं भिंतींशिवाय हवेत उभी होती आणि दोन घरांमध्ये कुणाचीच नसलेली जागेची पट्टी. अर्ज परत आले. हद्द ठरत नाही. मी तो नकाशा बघून आधी हसले, मग पुन्हा एकेक घर तपासलं. जगात कुठल्या वस्तीत लोक मोजणीच्या वेळी जागा कमी सांगतात? सगळे एक वीत जास्तच सांगतात. आपण दिलेल्या शब्दापायी घरच देऊन बसलो होतो.

पांढऱ्या शर्टला हे कुठून कळलं कोण जाणे. तो पुन्हा बूट काढून आत आला. "मावशी, भिंती तुमच्या नाहीत हे तुम्हीच सांगितलंय. बिनभिंतीचं घर कुठं असतं का? घ्या आता, काय मिळतंय ते घ्या." या वेळी तू त्याला चहा विचारला नाहीस. तुझ्या दारातून कुणी बिनचहाचं गेलेलं मी ते एकदाच बघितलं.

मी वस्तीतल्या बुद्धविहारात सगळ्यांना बोलावलं. फरशीवर खडूनं भिंत काढली, मधोमध रेघ मारली आणि समजावलं: कायद्यात याला सामाईक भिंत म्हणतात, निम्मी इकडची, निम्मी तिकडची. पुन्हा मोजणी मागू. प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं की निम्मी आमची. बस. मी स्वतःवर खूश होते. आणि सगळ्यात आधी उठले ते माझे बाबा.

"निम्मी आमची कसं म्हनू? मी गूळ दिऊन टेकलोय. किसनबाबा वर गेलाय म्हून त्याच्या भिंतीत हिस्सा सांगू व्हय?"

मी म्हटलं, नाही सांगितलं तर पूर्ण घर जाईल. बाबा म्हणाले, घर गेलं तर पुन्हा बांधता येईल. त्यांच्यामागं आणखी चार माना हलल्या. उमाजीकाकांना काही ऐकू आलं नव्हतं, तरी त्यांनीही हलवली. मी त्या माणसांवर चिडावं की त्यांच्या पाया पडावं, मला ठरवता येईना. ज्या हट्टानं ही ओळ उभी राहिली, तोच हट्ट ती पाडायला निघाला होता. तू कोपऱ्यात बसून होतीस. मला वाटलं, तूही बाबांच्याच बाजूची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आमच्या दारात आलीस आणि बाहेरच थांबलीस. इतक्या वर्षांत तू आमच्या दाराबाहेर कधी थांबली नव्हतीस. हातात कागदाची पुडी. आईनं चुलीपासूनच हाक मारली, आत ये की. तू हलली नाहीस.

"मागायला आलेय. मागनारं बाहेरच ऱ्हातंय. सुदाम, बाहीर ये."

बाबा बाहेर आले. तू पुडी उघडून गूळ पुढं केलास.

"काय मागायलीस, धुरपताबाई?"

"भिंत. उद्या घर नवं बांधायचं म्हनलं तर मला टेकायला जागा न्हाई. तुझ्या भिंतीला टेकू देतूस का?"

"ती तुमचीच हाय की."

"माझी न्हाई. मालकानं तुला दिली, त्या दिसापून माझी न्हाई. आता मी मागायलेय. द्यायची का न्हाई, बोल."

बाबा गुळाकडं बघत राहिले. कारखान्यावरच्या मुकादमासमोर, मोंढ्यातल्या मारवाड्यासमोर, कुणासमोर कधी माझ्या बापाकडं देण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर तो टेकलेलाच. त्याला पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी मागत होतं. त्यांनी खडा उचलला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"टेकव," ते म्हणाले.

तू लगेच माझ्याकडं वळलीस. "लिही गं संगे. मालकानं यास्नी दिली, यांनी मला दिली. आता निम्मी-निम्मी म्हनायला कुणाची जबान अडतीया बघू."

त्या दिवशी आपल्या ओळीत गूळ संपला. ज्यांनी कधीकाळी भिंती दिल्या होत्या ते, किंवा त्यांची पोरं, पलीकडच्या दारात उभी राहून भिंत मागत होती. आणि जे टेकले होते ते देत होते, छाती काढून. उमाजीकाकांना समजावायला उशीर लागला. समजलं तसे ते उठले, टोपी घातली आणि दत्ता परत येत नाही तोवर मी खात नाही म्हणून बसले. भिंत त्यानं दिली होती, तोच मागायला हवा. त्यांचा मुलगा मोटारसायकलवर दत्ताच्या सासुरवाडीला गेला. दत्ता संध्याकाळी आला. तू त्याच्या हातात गूळ दिलास आणि काकांच्या दारासमोर उभं केलंस. त्याला मागताही येईना, नुसता उभा. काकांनी त्याच्या हातातला खडा स्वतःच उचलून खाल्ला आणि म्हणाले, टेकव, टेकव, चहा गार व्हायलाय. बयाणा त्यानं परत केला, कब्ज्याचा कागद रद्द केला; कमी पडलेले पैसे ओळीनं मिळून घातले. आपल्याच पोरांनी त्याची पुढची भिंत पुन्हा उचलली.

दुसरी मोजणी आली तेव्हा मी सुटी काढली होती. नकाशा मीच काढून ठेवला होता, प्रत्येक भिंतीच्या मधोमध हद्दीची रेघ. मोजणीवाल्यांनी विचारलं, भिंत कुणाची? दोन्ही बाजूंनी उत्तर आलं, दोघांची. शेवटच्या घराशी त्यांनी टेप गुंडाळला आणि मला विचारलं, नकाशा कुणी काढला, साफ आहे. मी काही बोलायच्या आत तू मागून म्हणालीस, "आमच्या इंजिनेरनं."

पट्टे मिळाले त्या दिवशी पोरांनी नीळ उधळली, बायकांनी खीर केली, आणि तू तुझा कागद माझ्यासमोर धरलास. वाच. मी वाचलं: धुरपताबाई, पुढं किसनबाबांचं नाव. पुन्हा वाच. मी वाचलं. माझं नाव आधी हाय ना? आहे. "हां. मंग ठीक हाय." तू तो कागद पदराखाली घेतलास आणि समोरच्या इमारतीकडं बघून आरोळी दिलीस की आज भाजी नाही, आज खीर आहे, टोपल्या नीट बांधून सोडा. त्या दिवशी टोपल्या वर जाताना सांडली ती खीर वॉचमनच्या टोपीवर.

यानंतर आपण भांडलो, आणि ते भांडण तसंच राहिलं. तू म्हणालीस, आता तुझं आणि माझं घर पक्कं बांधू, नकाशा काढ. मी काढला. कॉलम टाकले, तुझे वेगळे, आमचे वेगळे, प्रत्येकाची भिंत प्रत्येकाची, मधे बोटभर फट. भूकंप आला तरी एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. तू नकाशावर बोट फिरवत त्या फटीपाशी थांबलीस.

"हे काय?"

मी सांगितलं.

"एवढं भांडून मिळवली, ती हीच का भिंत? मंग फटीत बोलू का मी तुझ्या मायशी?"

मी म्हटलं, मजबूत होईल. तू म्हणालीस, इतके दिवस काय कच्ची होती व्हय. मी शिकलेलं सांगत होते, तू जगलेलं. दोन्ही खरं होतं असं मला अजूनही वाटतं, आणि कॉलमबद्दल मी अजूनही बरोबर आहे असंही वाटतं. तू गेलीस म्हणून मी हरल्याचं मान्य करणार नाही. तसं केलं असतं तर तुलाच ते खोटं वाटलं असतं. पुढच्या रविवारी पुन्हा बसून बोलायचं ठरलं होतं. तुझ्याकडं काहीतरी मुद्दा तयार होता, चेहऱ्यावरून दिसत होतं. तो कोणता, ते आता मला कधीच कळणार नाही. इतर सगळ्या दुःखांपेक्षा हे जास्त बोचतं.

तू सकाळी गाडा लावून, पाणी शिंपडून खुर्चीवर बसलीस आणि गेलीस. टोपली वरून आली, तू उठली नाहीस, तेव्हा वॉचमन पळत आला. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप पुरला नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. सतरंजीवर आईच्या शेजारी बसून त्यांनी बुद्धवंदना म्हटली, मंगलमैत्रीच्या ध्यानाला डोळे मिटले. त्या म्हणाल्या, बिल्डरच्या माणसानं सोसायटीत आमच्या सह्या मागितल्या होत्या, की वस्तीमुळं त्रास होतो, हलवा. कुणीही दिली नाही. तुला हे माहीत होतं का? असणार. आणि तू मला सांगितलं नाहीस, कारण मग मी भांडण हरले असते आणि तुझी करमणूक गेली असती. ठीक आहे. हे भांडण तू जिंकलीस. ते मेथीच घ्यायला आले होते.

मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू विचारलं असतंस, पोरीला ताप आलाय का. म्हणून इथंही मानत नाही. वालूरहून वंदनाताई आली आहे. पट्ट्यावर आता तिचं नाव चढतंय. अर्ज मी भरला, सही तिनं केली. ती इथं राहायला येणार आहे आणि गाडाही चालवणार आहे. मिरचीचं प्रमाण तिचंही तुझ्यासारखंच आहे.

मागच्या शेतातल्या इमारतीचा नकाशा बदलला. तिचं गेट आता मागच्या गल्लीतून आहे. आपली ओळ रस्त्याला तोंड करून होती तशीच आहे. एकही घर उठलं नाही. प्रत्येक घराचा पट्टा त्या घरातल्या माणसाच्या नावावर आहे, आणि इथून आपल्याला आता कुणीही उठवू शकत नाही.

तुझी,
संगी